क्षितिजरेषा आधी, किल्ला नंतर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी मनोगत लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले. चित्रकलेच्या वर्गात आज बसणाऱ्या मुलांच्या हाती काही पडावे, एवढ्याच हेतूने हे लिहितो आहे. एलिमेंट्री-इंटरमिजिएटच्या तयारीत सर कागदावर पहिली रेघ ओढायला लावत, ती डोळ्यांच्या पातळीची. जलदुर्ग, नदीचे घाट, पंढरीची वारी असे काहीही रंगवायला घेतले, तरी कामाला येते ती हीच रेघ.

इतिहासाचे चित्र म्हणजे ढगात महाराजांची आकृती आणि बुरुजावर भलामोठा भगवा, असा समज बराच रुजला आहे. मला तो पटत नाही. मालवणचा सिंधुदुर्गच घ्या. 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली. सुमारे तीन किलोमीटरचा तट सरळ नाही, बेटाच्या कडेने तो आत-बाहेर वळत जातो. त्यामुळे एक पाख उजेडात, पुढची सावलीत, असा क्रम मिळतो. महादरवाजा बुरुजांच्या वळणात दडवलेला आहे, किनाऱ्यावरून तो कळत नाही. म्हणून किनाऱ्यावरून काढलेल्या चित्रात ठळक कमान दिसली, की ती कल्पनेने काढली हे ओळखावे. बांधणाऱ्याने जे लपवले ते चित्रातही लपलेलेच राहिले पाहिजे. इतिहास तिथे आहे.

आता मोजमाप. तट सुमारे 30 फूट, म्हणजे 9 मीटर उंच. वाळूत पाण्यालगत उभे राहिलात तर डोळे पाण्यापासून दीड मीटरवर. क्षितिज नेहमी डोळ्यांच्या पातळीवर असते, म्हणून ते तटाला खालून साधारण एक षष्ठांश उंचीवर छेदते आणि उरलेला सगळा तट आकाशावर उठतो. तटाच्या माथ्यावरून मागचा समुद्र दाखवायचा असेल, तर दहा-पंधरा मीटर उंच जागी चढून बसावे लागेल. ड्रोनच्या फोटोवरून किल्ला आणि किनाऱ्यावरच्या फोटोवरून होड्या उचलल्या, की किल्ला पाण्यावर तिरका तरंगतो. सामान्य माणसाला चूक सांगता येत नाही, पण चित्र खटकते.

दुसरी गोष्ट तिथीची. कोकणातला जुना आडाखा असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पूर्ण ओहोटी त्याच्या सव्वासहा तास मागे-पुढे. ठिकाणानुसार फरक पडतो, तेवढा स्थानिक मच्छीमारांना विचारून घ्यावा. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. तिथे काम करायचे तर द्वितीया-तृतीया बरी : उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी खूप मागे जाते आणि ओहोटी सकाळी पावणेआठ-साडेआठच्या सुमारास येते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, पाणी पुरते हटत नाही आणि खडक अर्धेच उघडे पडतात. पाणी उलटले की सामान आवरायला घ्यावे, मग चित्र कुठेही आलेले असो.

कुलाब्याच्या तटाचे मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत. सांधे दिसावेत म्हणून प्रत्येक चिऱ्याला रेघ मारली, तर तट विटांचा वाटतो. जलरंगात अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचा एकच वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, द्यावा, तो ओलसर असताना सावलीच्या बाजूला निळा सोडावा आणि पूर्ण वाळल्यावर सात-आठ सांधेच काढावेत. ट्यूबमधला काळा वापरू नये, दगड मरतो. रत्नागिरी-मालवणकडच्या जांभ्याला लाइट रेड लागतो, थोडा रॉ सिएना (पिवळट मातकट). किनाऱ्याजवळचा समुद्रही निळा नसतो. गढूळ हिरवट राखाडी असतो, निळा फक्त लांब, क्षितिजाजवळ.

कागद जाड, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम), कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरबरीत, पाव इम्पीरियल म्हणजे 11 बाय 15 इंच पुरे. कोकणच्या दमट हवेत वॉश लवकर वाळत नाही. घाईने ओला ब्रश पुन्हा फिरवला, की फुलकोबीसारखे डाग उमटतात. वाईला एप्रिलमध्ये उलट संकट : आकाशाच्या खालच्या टोकाला पोहोचेपर्यंत वरची कड सुकलेली असते. तिथे रंग आधीच दुप्पट कालवून ठेवावा. समुद्राचे पाणी रंगात घेऊ नये. मीठ कागदात राहते, हवेतला ओलावा ओढत राहते. पावसाळ्यात उघडा राहिलेला कागद टीपकागदासारखा रंग पितो, तो सरावालाच ठेवावा.

वाईचा ढोल्या गणपती 1762 चा, रास्त्यांनी बांधलेला. कृष्णेच्या पुराचा लोंढा फुटावा म्हणून त्याची मागची भिंत मत्स्याकार आहे. चित्रकाराच्या दृष्टीने घाटावरची सर्वांत मोलाची रेषा तीच, कारण तिच्या धारेवर उजेड आणि सावली वेगळी होतात. पाण्यातले प्रतिबिंब म्हणजे शिखराची उलटी नक्कल नव्हे. शिखर काठापासून मागे असेल, तर त्याचा काही भाग पायऱ्यांच्या प्रतिबिंबाआड जातो.

मालवणच्या किनाऱ्यावरच्या मोरयाच्या धोंड्यावर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत. किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा इथे झाली असे मानतात. कोरीव काम उथळ आहे, भर दुपारी दिसतच नाही. तिरप्या उन्हात अर्धा-पाऊण तास मिळतो, तेव्हा आधी सावल्या मांडून घ्याव्यात.

पंढरपूरला आषाढीत बहुधा ढगाळ उजेड असतो, जमिनीवर सावल्या पडत नाहीत. पांढरे धोतर-सदरे उठून दिसतात ते घाटाच्या काळ्या पायऱ्यांमुळे, म्हणून पायऱ्या आधी रंगवाव्यात आणि माणसांच्या जागी कागद कोरा सोडावा. चंद्रभागेच्या वाळवंटात सपाटीवर उभे राहून काढाल, तर जवळचा आणि लांबचा वारकरी, दोघांची डोकी क्षितिजरेषेवरच येतात, पाय तेवढे खाली-वर होतात. स्नानाला बसलेले त्या रेषेखाली आणि पताका तिच्या वर. घाटाच्या वरच्या पायरीवर गेलात, की सगळी गर्दी रेषेखाली उतरते. दिंडी काढायला बसण्याआधी जागा ठरवा आणि मग हलू नका.