पाणी किती दिवसांनी बदलायचं, आणि किती?

फिशटँक नवीन घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पाणी किती दिवसांनी बदलायचं? माझं उत्तरही ठरलेलं आहे. दर आठवड्याला पाव टाकी. साठ-सत्तर लिटरची टाकी, बेताचे मासे, एक बरा फिल्टर, अशा घरगुती मांडणीला हे सहसा पुरतं. पण एवढ्यावर थांबलं तर लोक त्यातला 'दर आठवड्याला' लक्षात ठेवतात आणि 'पाव' विसरतात. मग आठवड्याला दोन तांबे पाणी काढतात, दोन तांबे घालतात आणि पाणी बदललं म्हणतात. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी पाणी बदलायचं कशासाठी ते बघू. घाण दिसते म्हणून बदलायचं, असा सर्वसाधारण समज आहे. पण फिल्टर नीट चालत असेल तर पाणी महिनोन्महिने नितळ दिसतं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजलेली पानं यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वस्ती करून राहिलेले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना थोड्या प्रमाणातही घातक, नायट्रेट त्यामानाने सौम्य. पण साखळी बहुतांशी तिथेच संपते. झाडं थोडं नायट्रेट खातात, बाकीचं साचत राहतं. त्याला रंग नाही, वास नाही. ते बाहेर काढायचा भरवशाचा मार्ग एकच, जुनं पाणी काढून नवीन घालणं.

आता गणित, कारण सगळा प्रश्न इथेच सुटतो. समजा तुमच्या टाकीत आठवड्याला 10 पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत 10 भाग) नायट्रेट वाढतं. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललंत, तर नायट्रेट चढत चढत 40 पर्यंत जातं आणि तिथे थांबतं. का? 40 मधून पाव काढलं की उरतं 30, आठवड्यात 10 वाढून पुन्हा 40. निम्मं पाणी बदलणाऱ्याचं 20 वर थांबतं. आणि दहा टक्केच बदलणाऱ्याचं? थेट 100 वर. तोही दर आठवड्याला न चुकता बादली उचलतोय, पण त्याची टाकी 100 वर जाऊन बसते. शिवाय हे व्हायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे सुरुवातीला सगळं छान वाटतं आणि नंतर मासे मलूल का झाले ते कळत नाही. तुमच्या नळाच्या पाण्यातच नायट्रेट असेल तर तो आकडा या सगळ्यावर वेगळा चढतो. म्हणून नळाचं पाणीही एकदा तपासून ठेवा.

याच हिशेबाने पंधरवड्याला निम्मं पाणी बदललं तरी वरची मर्यादा 40 च राहते. फक्त टाकी 20 ते 40 मध्ये झोके घेते, आठवड्याच्या पाव हिश्श्यात ती 30 ते 40 मध्ये राहते. मी आठवड्याचंच करते, कारण माशांना एकदम मोठा बदल मानवत नाही. पण ज्यांना दर रविवारी जमत नाही त्यांनी पंधरवड्याला निम्मं बदललं तर मी नाही म्हणणार नाही.

मग तुमचा आठवड्याचा आकडा 10 आहे की 25, हे कसं कळायचं? मोजून. नायट्रेटचं टेस्ट किट घ्या, पाणी बदलल्यावर एकदा आणि आठवड्याने पुन्हा बदलायच्या आधी एकदा तपासा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या टाकीचा वेग. थेंबांचं किट असेल तर दुसऱ्या बाटलीच्या तळाशी साका बसलेला असतो, ती चांगली अर्धा मिनिट जोरजोरात हलवा. नाहीतर आकडा खोटा कमी येतो आणि आपण निर्धास्त राहतो. नायट्रेट 40 च्या वर जाऊ द्यायचं नाही, 20 च्या आत राहिलं तर उत्तम. गोल्डफिश असतील तर पाव हिस्सा पुरणार नाही हे आत्ताच सांगते. ते भरपूर खातात आणि भरपूर घाण करतात. दोन गोल्डफिश म्हणजे निम्मी टाकी दर आठवड्याला, असंच धरून चला. फायटर (बेट्टा मासा) एकटाच असला तरी लहान बाउलमध्ये ठेवलेला असेल तर तीच गत, कारण पाणीच मुळात थोडं.

टाकीचे लिटर काढताना लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये गुणून हजाराने भागायचं. माझी टाकी 60 बाय 30, पाणी 33 पर्यंत, म्हणजे साधारण 59 लिटर. खडी आणि दगडांची जागा वजा केली की पन्नासच्या आसपास. पाव हिस्सा म्हणजे मोठी बादली भरून.

पाणी वरून तांब्याने काढू नका, सायफनने, म्हणजे एका टोकाला रुंद तोंड असलेल्या नळीने, तळातून काढा. सायफनचं रुंद तोंड खडीत खुपसलं की नळीत खडी उसळते, गरगरते आणि जड असल्यामुळे खाली पडते. तपकिरी गाळ तेवढा वर चढून बादलीत जातो. नळीतलं पाणी साफ दिसलं की पुढची जागा. माझे कोरिडोरस, म्हणजे तळाशी फिरणारे मिशीवाले छोटे मासे, तर सायफन उचलला की लगेच त्या जागेवर येतात आणि मिशा खुपसून उकरलेल्या खडीत काय मिळतंय ते शोधतात. मला हे बघायला इतकं आवडतं की त्या कामाचा कधी कंटाळा आलेला नाही. एका वेळी अर्धाच तळ साफ करायचा, उरलेला पुढच्या आठवड्यात. हीटर असेल तर आधी बंद करा, पाण्याबाहेर उघडा पडून तापला तर काच तडकते. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, झाडांना नायट्रेट हवंच असतं.

नवीन पाण्याची दोन पथ्यं. एक, तापमान टाकीच्या जवळपास हवं, हात घालून फरक जाणवू नये इतपत. दोन, क्लोरीन. तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं तर साधा क्लोरीन उडून जातो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन असतं, ते असं उडत नाही. म्हणून मी अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, घालतेच. फिल्टरचा स्पंजही नळाखाली कधी धुवायचा नाही. टाकीतून काढलेल्या त्याच बादलीत दोनदा पिळायचा, बस.

उडून गेलेल्या पाण्याच्या जागी पाणी घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. वरून भर घालत राहिलं की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं.

आता ते वाक्य, जे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं: "आम्ही वर्षभर पाणी बदललं नाही तर मासे ठणठणीत होते, आणि बदललं त्याच दिवशी मेले." हे खोटं नसतं. होतं असं की जुन्या पाण्यातली आम्लाला आवरून धरणारी क्षारता (अल्कलिनिटी) संपते आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा, हळूहळू उतरतो; तो जितका कमी तितकं पाणी आम्ल. तो 6 च्या खाली गेला की जिवाणूंचं काम मंदावतं आणि अमोनिया साचायला लागतो. पण आम्ल पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, त्याचा त्रास फारसा नाही. मासेही हळूहळू सवय करून घेतात. मग एके दिवशी कुणीतरी सगळं पाणी उपसतं, खडी धुतं, तळाशी थोडं जुनं पाणी ठेवून ताजं भरतं. पीएच एकदम वर, उरलेलं अमोनियम पुन्हा अमोनिया, वर तापमानाचा आणि क्षारांचा धक्का. मासे दगावतात, दोष जातो पाणी बदलण्याला, आणि ते घर पुढची टाकीही वर्षभर तशीच ठेवतं. अशी जुनी टाकी तुमच्याकडे असेल तर आज निम्मं पाणी काढू नका. दहा टक्के आज, दहा टक्के दोन दिवसांनी, असं तीन-चार आठवड्यांत तिला वळणावर आणा.

नवीन टाकीचं उलट आहे. जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मासे आत असतील तर वाराचा विचारच करायचा नाही. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं की त्याच दिवशी पाणी बदलायचं, लागलं तर रोज.

गावाला जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी पाव पाणी बदलून जा. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. शेजाऱ्यांना खाणं घालायला सांगणारच असाल तर एकेका वेळेच्या पुड्या बांधून द्या, डबा देऊ नका.