'प्रेझेंटली' मी का खोडत नाही

"बाई, 'प्रेझेंटली' म्हणजे 'सध्या' की 'थोड्या वेळाने'? आणि आमच्या वेळी तुम्ही तो शब्द खोडायचात, आता का नाही खोडत?" जुने विद्यार्थी विचारतात, नवे शिक्षक विचारतात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. मी दोन वाक्यांत उत्तर देते, त्यांचं समाधान होत नाही, माझंही होत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मी खोडायचे ते मनाला येईल तसं नव्हतं. बी.एड.ला आम्हाला तसंच शिकवलं होतं: 'प्रेझेंटली' म्हणजे 'थोड्या वेळाने', 'सध्या'साठी 'ॲट प्रेझेंट' किंवा 'करंटली'. वापराविषयीच्या ब्रिटिश वळणाच्या पुस्तकांतही हेच असायचं. आपल्याकडे मात्र अर्ज म्हटला की 'आय ॲम प्रेझेंटली वर्किंग' आलंच. ही आपली, भारतीय लोकांची चूक आहे आणि ती पुसणं हे माझं काम आहे, असं मी मनापासून मानत होते. तालुक्याच्या गावातल्या मुलांना शहरातल्या मुलाखतीत कुणी हसू नये, एवढीच इच्छा होती. ती इच्छा खोटी नव्हती, हे मी आजही सांगेन.

आणि तरीही हसू माझ्याच वर्गात आलं.

दहावीचा वर्ग होता, पत्रलेखनाचा तास. वसतिगृहात प्रवेश मिळावा म्हणून अर्ज लिहायला दिला होता. एका मुलीचा कागद अजून डोळ्यांसमोर आहे. लाँगबुकातून अलगद सोडवलेलं पान, पेन्सिलीने आखलेला समास, निळ्या शाईचं बारीक, एकसारखं अक्षर. तिसऱ्या ओळीत होतं, 'आय ॲम प्रेझेंटली स्टेइंग विथ माय मॅटर्नल अंकल'. मी तिथेच थांबले. लाल पेनाने शब्दाखाली रेघ ओढली आणि वर्गाला वाचून दाखवलं. तिला उभं केलं. "म्हणजे तू मामाकडे थोड्या वेळाने राहायला जाणार आहेस का?" वर्ग हसला. मी हसले नाही, पण हसणाऱ्यांना थांबवलंही नाही.

ती म्हणाली, "नाही बाई. राहतेच आहे."

"मग तसं लिही."

ती बसली. संध्याकाळी स्टाफरूममध्ये गुण चढवताना मी ते वाक्य पुढे वाचलं. स्वल्पविरामानंतर होतं, 'ॲज माय फादर एक्स्पायर्ड इन जून'. तो जुलै चालू होता. पूर्ण वाक्य आधी वाचलं असतं तर मी थांबले असते? वाटतं, हो. पण सकाळी माझी नजर त्या एका शब्दाच्या पुढे गेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी काहीच बोलले नाही. स्वतःला समजावलं की व्याकरण व्याकरणाच्या जागी आणि दुःख दुःखाच्या जागी. निदान शब्द तरी मी बरोबर शिकवला.

तेही खरं नव्हतं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका सहकाऱ्याशी याच शब्दावरून वाद झाला आणि तो मिटवायला मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेले. ऑक्सफर्डचा तो २० खंडांचा, १९८९ च्या आवृत्तीचा कोश. उभ्यानेच पान काढलं. 'सध्या' हा अर्थ तिथे होता, आणि उशिरा घुसलेला, चुकीतून जन्मलेला म्हणून नव्हे. तो पंधराव्या शतकापासूनचा आहे. 'थोड्या वेळाने' हा मी शिकवत आलेला 'शुद्ध' अर्थच त्याच्या नंतरचा. सतराव्या शतकानंतर इंग्लंडच्या ग्रंथलेखनात 'सध्या' मागे पडला, पण स्कॉटलंडमध्ये आणि बोलींमध्ये तो चालूच राहिला, अमेरिकेत पुन्हा वर आला. ज्याला मी आपली गावठी चूक म्हणत होते, तो इंग्रजीचा स्वतःचा जुना अर्थ होता.

जुन्या काळात या शब्दाला आणखी एक अर्थ होता: 'ताबडतोब'. १६११ च्या किंग जेम्स बायबलात येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो आणि झाड 'प्रेझेंटली' वाळून जातं. थोड्या वेळाने नव्हे, तिथल्या तिथे. म्हणून तर शिष्य थक्क होतात. शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' या नाटकात जादूगार प्रॉस्परो त्याच्या हुकमातल्या एरियल या अदृश्य सेवकाला इतरांना घेऊन यायला सांगतो, तेव्हा एरियल एवढंच विचारतो, "प्रेझेंटली?" त्यावर प्रॉस्परोचं उत्तर असं की हो, पापणी लवायच्या आत.

मग 'ताबडतोब'चं 'थोड्या वेळाने' कसं झालं? मला वाटतं, आपण 'आलेच हं' म्हणून गॅसवरचं दूध उतरवायला जातो, तसंच. लोक 'लगेच' म्हणतात आणि लगेच येत नाहीत. ऐकणारा त्यात वाट पाहण्याचा वेळ मिळवून घेतो, आणि शब्द तो वेळ कायमचा पोटात घेतो. इंग्रजीत हे पुन्हा पुन्हा घडलं आहे. आजचा 'सून' जुन्या इंग्रजीत 'सोना' होता, अर्थ 'तत्क्षणी'. 'अनॉन'ही आधी 'ताबडतोब'च होता. 'बाय अँड बाय'चंही तेच झालं. आपल्याकडे संस्कृतातला 'सद्यः' म्हणजे 'तत्काळ', आणि 'सद्यःस्थिती' म्हणजे मात्र सध्याची स्थिती. त्यावरून कुणी कुणाला वर्गात उभं केलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि 'इतक्यात'? 'इतक्यात दार वाजलं', 'इतक्यात काय निघालात', 'इतक्यात तो दिसला नाही'. तीन वाक्यं, तीन वेगळे काळ, आणि पहिलीतलं पोरही गोंधळत नाही. 'प्रेझेंटली'चंही तसंच आहे. क्रियापद वर्तमानकाळी असेल तर बहुधा 'सध्या', भविष्यकाळी असेल तर 'थोड्या वेळाने'. 'आय ॲम स्टेइंग' लिहिणाऱ्या मुलीचा अर्थ मला कळलाच होता. कळला होता, म्हणूनच तो मोडून दाखवता आला.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, 'द डॉक्टर इज कमिंग प्रेझेंटली' म्हटलं तर डॉक्टर वाटेत आहेत की अजून निघायचेत? परीक्षक जुन्या वळणाचा निघाला तर गुण कुणाचे जातील, तुझे की पोरीचे? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचा मुद्दा खोटा नाही. फक्त तिने तो ज्या तऱ्हेने मांडला, ती मला सोसत नाही.

तीन वर्षांपूर्वी ती मुलगी एका लग्नात भेटली. आता तिचीच मुलगी दहावीत आहे. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझा तो शब्द बरोबर होता. माझं चुकलं." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या वर्षीचं शाळेतलं मला काहीच आठवत नाही, बाई." आणि माझ्या ताटात आग्रहाने आणखी एक जिलबी वाढली.

तर तुमचं उत्तर: दोन्ही अर्थ बरोबर आहेत, आणि मी खोडत नाही. मुलांना दोन्ही सांगते, कुठे कुणाला खटकेल तेही सांगते. मात्र परवा बँकेला पत्ता बदलल्याचं पत्र लिहायचं होतं. मी आता मुलाकडे राहते. 'आय ॲम' लिहिलं आणि पुढे हात थांबला. शेवटी 'ॲट प्रेझेंट' लिहिलं.