तुम्ही विचारलंत म्हणून: लशीनं अंगावरून वारं जातं का?

बाळाला मांडीवर घेऊन लसीकरणाला आलेल्या आया विचारतात, "लशीनं नसा कमजोर होतात, अंगावरून वारं जातं म्हणं, खरं हाय काय?" संधिवाताचे, ल्यूपसचे (यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते) रुग्णही हेच विचारतात.

सरसकट "नाही" म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. काही लशींचा काही आजारांशी संबंध सापडला आहे, आणि तो मोजलेलाही आहे.

जीबीएस, म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोम, हा आजारच घ्या. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात साथ आल्यापासून हे नाव कोल्हापुरातही घरोघरी पोचलं. यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते, पायांतली ताकद जाते आणि अशक्तपणा वर सरकतो. १९७६ मध्ये अमेरिकेत सुमारे साडेचार कोटी लोकांनी स्वाइन फ्लूची लस घेतली, तेव्हा लाखामागे साधारण एक जादा रुग्ण आढळला आणि मोहीम थांबवली गेली. आजच्या फ्लूच्या लशीत हा जादा धोका दहा लाखांत एक-दोन इतका आहे. पुण्यातली साथ मात्र लशीची नव्हती. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून, अन्नातून पोटात जातो. त्याच्या आवरणातले काही रेणू नसांवरच्या रेणूंसारखेच असतात, म्हणून जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं नसांवरही हल्ला करतात.

आता हिशेब बघा. लस नसतानाही वर्षाला लाखात एक-दोघांना जीबीएस होतो. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८.७६ लाख होती. समजा, एवढ्या सगळ्यांना आज नुसतं मिठाचं पाणी टोचलं. तरी पुढच्या सहा आठवड्यांत साधारण चार ते नऊ जणांना जीबीएस होईल आणि त्या प्रत्येक घरात "सुईनंतरच झालं" असं म्हणतील. ते खोटं बोलत नसतील. म्हणूनच घेतलेल्यांत किती आणि न घेतलेल्यांत किती, हे ताडून पाहावंच लागतं.

असंच ताडून पाहिल्यावर युरोपात २००९ च्या पँडेमरिक्स या स्वाइन फ्लूच्या लशीचा नार्कोलेप्सीशी (दिवसा अनावर झोप येण्याचा आजार) संबंध पक्का झाला. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीनं ऑटिझम होतो, हा दावा मात्र टिकला नाही: तो मांडणारा १९९८ चा बारा मुलांवरचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागे घेतला आणि २०१९ मध्ये डेन्मार्कच्या साडेसहा लाखांवर मुलांतही संबंध दिसला नाही.

लशीनंतरच्या तापात कधी येणाऱ्या आकडीबद्दल नीट समजून घ्या. पेंटाव्हॅलेंट (बाळाला देतात ती पाच आजारांवरची एकत्र लस) दिल्यानंतरचा ताप पहिल्या दोन दिवसांत येतो, गोवर-रुबेलानंतरचा पाचव्या ते बाराव्या दिवशी. दहाव्या दिवशी ताप आला की घरचे लशीचं विसरलेले असतात, म्हणून कार्डावरची तारीख डॉक्टरांना दाखवा. तापातली साधी आकडी मेंदूला इजा करत नाही. पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा ताप नसताना आली तर लगेच दवाखाना गाठा. २००६ मध्ये, लशीनं मेंदू बिघडल्याचं मानलेल्या १४ जणांची जनुकं तपासली, तेव्हा ११ जणांत एससीएन१ए या जनुकात दोष निघाला. आजार मुळातच होता. खुद्द गोवरात मात्र हजारात सुमारे एका मुलाच्या मेंदूला सूज येते.

संधिवात, ल्यूपस असलेल्यांनी लस टाळायचं कारण नाही, उलट न्यूमोनिया आणि फ्लूच्या लशींची गरज त्यांनाच जास्त. अडचण जिवंत लशींची, म्हणजे ज्यांत कमजोर केलेला जिवंत जंतू असतो त्यांची, असते: बीसीजी, गोवर-रुबेला, कांजिण्या. रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन (प्रतिकारशक्ती दाबणारं स्टिरॉइड) दोन आठवडे घेतलं असेल तर ते थांबल्यावर किमान महिनाभर या लशी घेऊ नयेत. गोळ्यांची चिठ्ठी नर्सताईंना आधी दाखवा. लस घेतल्यावर सहा आठवड्यांत पूर्वी कधी जीबीएस झाला असेल, तर तेही सांगा.

आणि १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, लस घेतलेली असो वा नसो, तर त्याच दिवशी सीपीआरला (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) न्या. १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतरानं शौचाचे दोन नमुने द्यावे लागतात. ते पोलिओसाठी तपासले जातात. उशीर झाला तर विषाणू असूनही सापडत नाही.