साडेआठ मैल चिखल आणि अर्धा पाउंड खोटा तांदूळ

मिनेसोटाच्या उत्तर टोकाची ग्रँड पोर्टेजची वाट "आरामात होते" असं कुणी सांगितलं तर त्याला एवढंच विचारा: तू कुठपर्यंत गेला होतास? आम्ही विचारलं नाही. ओळखीच्या एका गृहस्थांनी मागच्या गणपतीत मोदक खाता खाता "सपाट वाट आहे हो, पोरंसोरं घेऊन जा" म्हणून सांगितलं होतं. परत आल्यावर त्यांना खोदून विचारलं, तेव्हा कळलं की ते हायवे येतो तिथपर्यंत जाऊन, फोटो काढून मागे फिरले होते. सिंहगडाच्या पायथ्याशी चहा पिऊन गड केला म्हणण्यातला प्रकार.

असो. सप्टेंबरच्या सुरुवातीचा लेबर डेचा वीकेंड, शुक्रवारची सुट्टी टाकून चार दिवस, मिनिआपोलिसहून आम्ही दोघं. लेक सासूबाईंकडे घरी. आता या प्रवासाला तांदूळ कुठून चिकटला ते सांगते.

पुढच्या रविवारी ऋषिपंचमी होती. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत आणि त्यांचा उपास कडक. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. गावी तळ्यात आपोआप उगवणारं देवभात मिळतं, इथे काय करायचं, हा प्रश्न ऑगस्टभर घरात फिरत होता. मी तोंड वाजवलं, "आई, इथेही तळ्यात आपोआप उगवणारा तांदूळ असतो. इथले मूळ रहिवासी आहेत ना, ओजिब्वे, ते काढतात. आम्ही त्यांच्याच भागात चाललोय, आणतेच मी." ते "आणतेच" मला एकोणीस डॉलरला पडलं.

शुक्रवारी सकाळी मिल लॅक्सचं तळं. शहरापासून दोन तास. तळ्याकाठी ओजिब्वे लोकांचं म्युझियम आहे, छान आहे, दोन तास पुरतात, तिथली चार ऋतूंची खोली चुकवू नका. वसंतात मेपलच्या झाडांना खाचा पाडून रस आटवणं, उन्हाळ्यात बाग आणि मासे, शरदात तांदूळ, हिवाळ्यात शिकार, विणकाम आणि गोष्टी. वर्ष असं कामांनी मोजायचे. महिन्यांची नावंही तशीच: रस उकळण्याचा चंद्र, स्ट्रॉबेरीचा चंद्र, तांदळाचा चंद्र. मेपलचा रस आटवायची जागा पाहिली की आपलं गुऱ्हाळच आठवतं, फक्त इथे चाळीस लिटर रसातून जेमतेम एक लिटर काकवी निघते, आणि ते ती आणखी घोटून कोरडी साखर करायचे, म्हणजे वर्षभर टिकते.

म्युझियम झाल्यावर हायवेवरच्या एका दुकानात थांबलो. दुकानाचं नाव सांगत नाही, अशी दुकानं त्या रस्त्यावर पैशाला पासरी आहेत: ड्रीमकॅचर, मोकासिन म्हणजे मऊ कातडी जोडे, फज, अस्वलाचे टीशर्ट. (ड्रीमकॅचर म्हणजे जाळी विणलेलं कडं, मुळात ओजिब्वेंचा, तान्ह्या बाळाच्या पाळण्याला टांगायचा. दुकानातल्याची मागची चिठ्ठी वाचा म्हणजे तो किती समुद्र ओलांडून आलाय ते कळेल.) तिथे बर्चच्या सालीचं चित्र असलेल्या पिशवीत वाइल्ड राइस होता. पिशवीवर कनू म्हणजे निमुळती होडी, कनूत माणूस, डोक्यात पीस. अर्धा पाउंड, एकोणीस डॉलर. काळाभोर, चकचकीत, एकेक दाणा सुईसारखा. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तळ्यातला आहे ना? ती म्हणाली, हो, वाइल्ड आहे ना. घेतला.

तिथून वीसेक मिनिटांवर रस्त्याकडेला एक उथळ तळं लागलं. पाणी जवळजवळ दिसतच नव्हतं, भाताच्या खाचरासारखं उंच गवत, आणि त्यात एक कनू. मागचा माणूस उभा राहून लांब काठीनं कनू ढकलत होता. पुढे बसलेल्या बाईच्या दोन्ही हातांत देवदाराच्या हलक्या काठ्या. डाव्या काठीनं ओंब्या कनूवर वाकवायच्या, उजवीनं हलकेच टिपायच्या. टिपायच्या, बडवायच्या नाहीत. पिकलेले दाणे तेवढे पडतात, कच्चे झाडावर राहतात, काही पाण्यात सांडतात आणि तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. आवाज म्हणजे नुसती सळसळ आणि टक्, सळसळ आणि टक्. आम्ही गाडीचं इंजिन बंद करून पंधरा मिनिटं उभे होतो.

किनाऱ्यावर आणखी एक म्हातारा कनू रिकामी करत होता. विचारूनच जवळ गेलो. (फोटोही विचारूनच काढा. नाही म्हटलं तर नाही.) सकाळी पाण्यात उतरण्याआधी तो चिमूटभर तंबाखू पाण्याला देतो, म्हणाला. मग त्यानं माझ्या ओंजळीत मूठभर ओला तांदूळ ठेवला. हिरवट, मधूनच जांभळट, प्रत्येक दाण्याला बोटभर लांब कुसळ, आणि त्यात वळवळणारी एक अळी. "चावते," तो म्हणाला. तोवर चावली होती.

मग माझी हौस. गाडीतून ती पिशवी आणून त्याला दाखवली, हे बघा, आम्हीही घेतला! त्यानं पिशवी उलटी केली, किमतीचं स्टिकर नखानं खरवडलं. खाली बारीक अक्षरं होती: पॅडी ग्रोन. म्हणजे बांध घालून, पाणी भरून, पेरून वाढवलेला, नंतर पाणी सोडून देऊन कंबाइन फिरवून कापलेला. मिनेसोटात असा तांदूळ विकताना हे ठळक छापायचा कायदा आहे, पण ठळक अक्षरांवर स्टिकर लावू नये असं बहुतेक त्यात लिहायचं राहून गेलं. तळ्यातल्या तांदळाला ओजिब्वे मनोमिन म्हणतात. म्हातारा फक्त म्हणाला, "हे मनोमिन नाही." रागानं नाही. आपण डालड्याला तूप नाही म्हणतो तसं.

रात्री डुलुथच्या मोटेलवर त्यातला वाटीभर शिजत टाकला. पन्नास मिनिटांनी मधोमध अजून कचकच. नवरा म्हणाला, पायात घालून चालावं इतका कडक आहे. घरी फोन लावला तर सासूबाईंचा एकच प्रश्न: "बैलाचं चालत नाही, मग ट्रॅक्टरचं कसं चालेल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शनिवारी डुलुथहून सुपिरियर या अवाढव्य तळ्याच्या काठाकाठानं ग्रँड पोर्टेजला. देखणा रस्ता आहे, त्यावर इतरांनी पानंच्या पानं लिहिलीत. कामाची गोष्ट वेगळी: ग्रँड पोर्टेज कॅनडाच्या सीमेला लागून आहे. आमच्या फोननं पलीकडचा टॉवर धरला, रोमिंग चालू झालं आणि घड्याळ तासभर पुढे गेलं. आम्ही पाचचा गजर समजून चारला उठलो. फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि मनगटावर साधं घड्याळ बांधा.

आता ती वाट. ओजिब्वे नाव गिची-ओनिगमिंग, ओझं वाहण्याची मोठी जागा. पिजन नदी सुपिरियरला मिळण्याआधी धबधबे आणि खडकांतून अशी कोसळते की कनू चालणं शक्यच नाही. म्हणून तो भाग टाळून साडेआठ मैल सगळं खांद्यावर न्यायचं. ओजिब्वेंची ही जुनी वाट. पुढे फर व्यापाऱ्यांच्या नॉर्थ वेस्ट कंपनीनं १७८४ च्या सुमारास इथे ठाणं केलं आणि १८०३ पर्यंत चालवलं. कंपनीचे हमाल नव्वद-नव्वद पाउंडांचे दोन गठ्ठे, म्हणजे ऐंशी किलो, कपाळावरच्या पट्ट्यानं पेलत ही वाट चालायचे. दर अर्ध्या मैलाला ओझं टेकायची ठरलेली जागा. आमच्या पाठीवर सहा-सहा किलो, आणि मी ही माहिती वाट चालून झाल्यावर वाचली ते बरं झालं.

पहिला भाग चढाचा, पण झाडीतून, ठीक. हायवे ओलांडेपर्यंत मी मनात त्या गृहस्थांना माफ करून टाकलं होतं. त्यानंतर माफी मागे घेतली. आदल्या रात्री पाऊस झाला होता. इथली माती सह्याद्रीसारखी घसरवत नाही, ती धरून ठेवते. पाय आत जातो आणि बाहेर येताना बूट आतच राहायचा हट्ट धरतो. पुढे बीव्हरनं (फांद्यांचे बांध घालणारा प्राणी) पाणी अडवलेला पट्टा आला. दोन फळ्या शेजारी-शेजारी टाकलेल्या, ओल्या, शेवाळलेल्या, काही ठिकाणी पाण्याच्या पातळीतच. दोन्ही बाजूंना काळं पाणी, धरायला काही नाही. हा तुकडा फार लांब नाही, पण मला तो जाताना एक तास आणि येताना एक जन्म वाटला. नवरा एका फळीवरून घसरून मांडीपर्यंत आत गेला. हसू आलं पण हसले नाही, कारण पुढचा नंबर माझा होता. आणि खरंच होता.

डास ऑगस्टअखेर कमी होतात म्हणतात. कमी म्हणजे जाळीची टोपी घालून भाकरी खाता येते एवढे. जूनमध्ये जाणार असाल तर देव तुमचं भलं करो.

वाटेच्या शेवटी फोर्ट शार्लट. किल्ला म्हणून काही शोधू नका, जमिनीवर काही उरलेलं नाही. नदीकाठ, पाट्या आणि तंबू टाकायच्या दोन जागा. सतरा मैल, म्हणजे सत्तावीस किलोमीटर, चालून एक पाटी वाचली. आम्हाला जाऊन-येऊन नऊ तास चाळीस मिनिटं लागली, आणि आम्ही दोघंही दर पावसाळ्यात हरिश्चंद्रगड करणाऱ्यांपैकी होतो.

तेव्हा माझं स्पष्ट मत. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर जाऊ नका. गेलात तर तिथेच मुक्काम करा, परवाना फुकट मिळतो, त्याच दिवशी परतायचा हट्ट नको. चालण्याच्या दोन काठ्या घ्याच, फळ्यांवर त्यांचाच आधार. सुती मोजे घरी ठेवा. एवढं सगळं नको असेल तर शेजारच्या स्टेट पार्कमध्ये अर्ध्या मैलाच्या पक्क्या वाटेनं पिजनचा मोठा धबधबा बघा, एकशेवीस फूट. ही वाट का होती ते तिथे एका नजरेत कळतं, बूटही कोरडे राहतात. माउंट रोझची टेकडीही छोटीशीच आहे. एक मात्र नक्की: हॅट पॉइंटवरचं ते प्रसिद्ध जुनं देवदाराचं झाड बघायला परस्पर जाऊ नका. ते त्यांचं पूज्य झाड आहे, बँडच्या, म्हणजे इथल्या ओजिब्वे समूहाच्या, माणसाबरोबरच जाता येतं. झुडपांतून वाट काढू बघणारं एक जोडपं आम्हाला दिसलं. लाज वाटली.

सोमवारी पाय उचलत नव्हते, म्हणून तळ्याकाठचं जुनं ठाणं बघितलं, आणि खरं सांगायचं तर हेच आधी करायला हवं होतं. प्रवेश फुकट. जुन्या इमारती फक्त उन्हाळ्यात उघड्या असतात, ऑक्टोबरच्या मध्यानंतर जाल तर कुलूप दिसेल. सगळी जागा ग्रँड पोर्टेज बँडच्या आरक्षित क्षेत्रात आहे आणि देखभालीचं काम बँडच करतं. कुंपणाबाहेर ओजिब्वे वस्ती उभारली आहे: वाकवलेल्या फांद्यांचे, बर्चच्या सालीचे विगिवाम, म्हणजे झोपड्या. तिथे एक बाई स्प्रूसच्या मुळ्या सोलून, उभ्या चिरून सालीची टोपली शिवत होत्या. या मुळ्यांना वताब म्हणतात. कनू शिवायची ती याच मुळ्यांनी, आणि शिवणीवर राळ, चरबी आणि कोळशाची पूड यांचा लेप. साल सुटते ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तेव्हा झाड आपण होऊन देतं, त्या म्हणाल्या. त्यांच्या शेजारी सालीचं रुंद सूप होतं. अगदी सूप. तांदूळ आधी वाळवायचा, कढईत लाकडी फळीनं हलवत भाजायचा, मग खड्ड्यात घालून नव्या मोकासिनांनी पायांनी मळायचा आणि शेवटी याच सुपात पाखडायचा. मी विचारून ते हातात घेतलं आणि दोनदा पाखडलं. बाई म्हणाल्या, तुला येतं की!

परतताना डुलुथच्या पुढे फॉन्ड डू लॅक या ओजिब्वेंच्याच आरक्षित क्षेत्राच्या हद्दीत एका घराबाहेर पुठ्ठ्यावर हातानं लिहिलेली पाटी दिसली. मागच्या वर्षीचा मनोमिन, तळ्यातला, लाकडावर भाजलेला, पाउंडाला पंधरा डॉलर, फक्त रोख. यंदाचा अजून भाजायचा होता. रंग मातकट करडा, चमक नाही, दाणे तुटके-अख्खे मिसळलेले, नाकाशी धरला की चुलीचा धूर. खूण हीच. काळा आणि एकसारखा असेल तर ठेवून या. रोख पैसे बरोबर असू द्या आणि तिथे घासाघीस करू नका. मूठभर दाण्यामागे किती काम आहे ते बघून आलोय. आपण स्वतः काढावा म्हणाल तर राज्याचा परवाना लागतो, आणि आरक्षित क्षेत्रातली तळी बाहेरच्यांसाठी नाहीत.

रविवारी सासूबाईंनी तो ऋषीच्या भाजीबरोबर शिजवला. वीस मिनिटांत फुलला. त्यांनी पहिला घास खाल्ला, थोडं चावल्या आणि म्हणाल्या, "देवभातापेक्षा खमंग आहे. पण पुढच्या वेळी दोन पाउंड आण."

काळा मात्र अजून फडताळात आहे. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, शिजवण्याची हमी देत नाही.