बाबई ते खंडवा: माखनलाल चतुर्वेदींच्या गावी

इटारसीला पहाटे उतरलो, लोकलसारख्या भरलेल्या गाडीने नर्मदापुरम (जुनं होशंगाबाद) गाठलं आणि सेठानी घाटावर नर्मदेत पाय बुडवून बाबईची बस धरली. गावाचं नाव आता माखन नगर झालंय, पण कंडक्टरला ‘बाबई’ सांगा, लगेच कळतं. वाटेत तवा नदीचा पूल लागतो. खिडकी उजवी असो की डावी, वाळूचा तो अफाट पट्टा चुकवू नका.

४ एप्रिल १८८९ला हिंदी कवी आणि पत्रकार माखनलाल चतुर्वेदी इथे जन्मले. वडील नंदलाल गावातल्या शाळेत मास्तर, घर वैष्णव. नर्मदाकाठची भजनं आणि मास्तरांची पाटी, एवढ्यावर हा मुलगा वाढला आणि सोळाव्या वर्षी स्वतःच मास्तर झाला.

मला या प्रवासाला ओढलं ते मात्र पुढच्या गोष्टीने. माधवराव सप्रे मराठी माणूस, जन्म दमोहजवळच्या पथरियाचा. टिळकांच्या ‘केसरी’च्या धर्तीवर त्यांनी १९०७मध्ये नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. पुढच्या वर्षी त्यांनी राष्ट्रीय आंदोलन आणि बहिष्कार या विषयावर निबंधस्पर्धा घेतली, आणि पहिला आला खंडव्याचा तरुण शिक्षक माखनलाल! सप्र्यांना त्यांनी आयुष्यभर गुरू मानलं. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारेही हेच सप्रे. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मला याचं खरंच वाईट वाटतं.

बाबईला अर्धा दिवस पुरतो. दुपारच्या आत परत फिरा, एप्रिल-मेमध्ये तर नक्कीच.

खंडवा मुंबई-इटारसी मार्गावरच आहे. १९१३मध्ये इथे ‘प्रभा’ मासिक निघालं आणि त्याच वर्षी माखनलालांनी शाळेची नोकरी सोडली. पुढे त्यांचं ‘कर्मवीर’ साप्ताहिकही जबलपूरहून इथे आलं. ‘पुष्प की अभिलाषा’ ही त्यांची गाजलेली कविता मात्र बिलासपूरच्या तुरुंगातली. तो रस्ता वेगळा, या फेरीत बसत नाही.

आमची चूक एकच झाली. भोपाळचं माधवराव सप्रे स्मृती समाचारपत्र संग्रहालय शेवटी ठेवलं आणि जेमतेम दीड तास मिळाला. जुन्या वृत्तपत्रांचा एवढा साठा दीड तासात काय बघणार! तुम्ही भोपाळपासूनच सुरुवात करा, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, मग नर्मदापुरम, बाबई, आणि खंडव्याहून घरची गाडी.