आमचा वाटा भरला ना?

कर्करोग नोंदणीच्या कामात दवाखान्यांइतकेच ग्रामपंचायतींचेही उंबरे झिजवावे लागतात. गणपतीच्या आदल्या आठवड्यात गुहागर तालुक्यातल्या एका गावात मृत्यूची नोंदवही चाळत बसले होते. कारणाच्या रकान्यात ओळीने वार्धक्य, वार्धक्य, वार्धक्य. त्यातल्या एकाचं वय ४९! ग्रामसेवकांना विचारलं तर म्हणाले, “तो होय? जिभेचा होता त्याला. परळला नेलेला.” घर दाखवायला त्यांनी शिपाई दिला.

उपचार कुठेही होवोत, निदानाच्या वेळी माणूस जिथला रहिवासी, तिथल्याच नोंदणीत तो धरायचा. म्हणून घरी जाऊन विचारावं लागतं. कोकणात अंशाइतकाच, म्हणजे रुग्णांच्या आकड्याइतकाच, छेदही, म्हणजे लोकसंख्येचा आकडाही, छळतो. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका. कर्ती माणसं मुंबईला, गावात राहिली म्हातारी. सरसकट दर काढला तर कोकण उगाचच जास्त आजारी दिसणार. म्हणून हिशोब वयोगटवारच करावा लागतो.

गेलेल्याचे थोरले भाऊ, तात्या, पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. तारखा, कागद सगळं नीट दिलं. मग हळूच म्हणाले, “पुतण्यानं मोबाईलवर दाखवलान. नऊ माणसांत एकाला होतो म्हणे. आमी घरात भावाला धरून नऊच जणा. म्हंजे आमचा वाटा भरला ना, बाय?”

हसू आलं नाही. मुंबईत शिकलेली माणसंही हाच हिशोब करतात, फक्त बोलून दाखवत नाहीत.

आकडा खरा होता. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२२च्या अंदाजात देशात वर्षाला सुमारे १४.६ लाख नवे रुग्ण आहेत आणि आयुष्यात नवापैकी एकाला कर्करोग होण्याची शक्यता आहे. पण हे ‘आयुष्य’ कुणीच जगलेलं नसतं. तात्यांची आंब्याची कलमं होती, म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. समजा, यंदा सगळ्या गावातल्या बागा फिरलो. पाच वर्षांच्या कलमांत किती झाडांना भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, लागला, दहाच्यांत किती, असं करत पार म्हाताऱ्या कलमांपर्यंत मोजलं. मग ते आकडे एकापुढे एक लावले आणि म्हटलं, हे घ्या एका कलमाचं आयुष्य.

आम्ही माणसांचं हेच करतो. प्रत्येक पाच वर्षांच्या गटाचा वार्षिक दर घ्यायचा, पाचाने गुणायचा, ७४ वर्षांपर्यंत बेरीज करायची. बेरीज ०.११८ आली असं धरा. एकदा रोग झालेला माणूस पुन्हा मोजायचा नाही, म्हणून तिचं एका सूत्राने रूपांतर करायचं, की येतात ०.१११. म्हणजे नवात एक. मधे माणूस हार्ट अटॅकने किंवा साप चावून गेला तर काय, हे या साध्या हिशोबात धरलेलंच नसतं.

तात्या सुपारी हातात धरून थांबले. “पन जुनी कलमा कल्टारशिवाय वाढलेली. आत्ताच्यांना पयल्यापासून कल्टार. ती म्हातारी झाल्यावर तशीच वागतील कशावरून?”

कल्टार म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध. हा प्रश्न मला प्रशिक्षणात कुणी विचारलेला आठवत नाही. आजच्या सत्तरीतल्यांचा दर आजच्या विशीतल्या मुलाच्या पन्नास वर्षांनंतरच्या खात्यावर टाकलेला असतो, आणि तो मुलगा गुटखा खातो की नाही हे त्या दराला माहीत नसतं. मी तसं कबूल केलं.

मग वाट्याचं सांगितलं. नवात एक हा घरवार वाटप झालेला आकडा नव्हे. भावाला झाला म्हणून बाकीचे सुटले, असं काही नाही. एका घरात सगळ्यांना एकच सवय असेल तर उलट काळजी जास्तच. शिवाय तात्या ६८ वर्षांचे. त्यांची तोपर्यंतची वर्षं पार पडली, आता उरलेल्या वर्षांचाच हिशोब लावायचा. मात्र या वयात दर वर्षाचा धोका तरुणपणापेक्षा कितीतरी जास्त.

“भाऊ मशेरी लावायचा. ही पन लावते,” तात्यांनी आत मान वळवली. “मग मशेरीवाल्यांचा आकडा वेगळा काढा की.”

काढता येत नाही, म्हटलं. गावात मशेरी लावणारे एकूण किती आणि न लावणारे किती, हे जनगणनेचं कोष्टक सांगत नाही. त्याला वेगळा अभ्यास लागतो, माणसांना वर्षानुवर्षं धरून केलेला. तोंडाच्या कर्करोगाला तंबाखू कारण आहे, हे अशाच अभ्यासांतून कळलंय. तुमच्या घरापुरतं ते पुरे.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. बोटाचं टोक काळं. गालात आतून पांढरा चट्टा आहे, तिखट झोंबतं, असं त्याच म्हणाल्या. मी डॉक्टर नाही, मी पाहिलाही नाही. गुरुवारी आरोग्य केंद्रात तोंडाची तपासणी होती, ती वेळ दिली.

“तिकडं तोंड उघडायला लावतात ना? मग मशेरी लावून येव की धुवून?”

“धुवून या,” म्हटलं, “आणि तात्यांनाही घेऊन या.”