मशीद ते मरीन लाइन्स, कान उघडे ठेवून

इअरफोन घालून चालायची हौस असेल तर मरीन ड्राइव्हवर खुशाल चाला. मुंबईतल्या मशीद बंदरच्या घाऊक बाजाराच्या गल्ल्यांत तसे शिरणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. तिथे हातगाडीला ब्रेक नसतो. दोन मोठी चाकं, पुढे दांड्यांच्या मध्ये एक माणूस, मागून ढकलायला दुसरा आणि वर पोत्यांची थप्पी. पुढच्याने टाचा रोवून अंग मागे टाकलं तरी भरलेली गाडी दोन-चार पावलं पुढे जातेच. त्यामुळे ‘बाजू, बाजू!’ ही आरोळी हाच त्याचा ब्रेक. ती ऐकली की वळून बघत बसू नका, उडीही मारू नका. जवळच्या ओट्याला अंग चिकटवून उभे राहा. गाडीवाला समोरच्यांची चाल बघून वाट काढत असतो, कुणी दचकून मध्येच वळला की त्याचा अंदाज चुकतो.

कान सरावला की आरोळीचीही गरज पडत नाही. रिकामी गाडी पेव्हर ब्लॉकवर खडखडत, उडत येते. भरलेली करकरते, खालच्या पट्टीत आणि संथ. जपायचं ते या करकरीला. डोक्यावर बोजा असलेल्या माथाडीला तर मान वळवताच येत नाही, तेव्हा वाट आपणच द्यायची. पावसात त्याच पेव्हर ब्लॉकची एक बाजू उचकटलेली असते. पाय पडला की खालचं पाणी थेट पोटरीवर. डुगडुगणारा ब्लॉक चपलेच्या पातळ तळव्याला लगेच कळतो, जाड बुटांना कळत नाही.

मशीद स्टेशनच्या पश्चिमेला उतरून मोहम्मद अली रोड, झवेरी बाजार, भुलेश्वर, चिरा बाजार असं करत मरीन लाइन्सला निघालं की दोन-अडीच किलोमीटर होतात. उलटंही जाता येतं, पण मी पूर्वेकडून पश्चिमेलाच जायला सांगेन. पावसाळा सोडला तर दुपारी वारा समुद्रावरून येतो, आणि गल्ली जरा मोकळी असली की पुढच्या दुकानाचा वास दुकान दिसायच्या आधी पोचतो.

नाकाची खोड अशी की ते लवकर कंटाळतं. वेलची-दालचिनीच्या पेढीसमोर काही मिनिटं उभं राहिलं की वास जणू नाहीसाच होतो. वास तिथेच असतो, नाक त्याची दखल घेणं सोडतं. म्हणून रेंगाळू नका, पुढे जाऊन परत या. मिरचीचं गणित वेगळं. तो ठसका म्हणजे खरं तर वास नव्हेच, नाकाघशातल्या वेदनेच्या मज्जातंतूंना बसलेला चटका. त्याची सवय होईल म्हणून थांबून राहिलात तर तो वाढतच जातो. मार्च ते मे हा घरोघरच्या वर्षभराच्या मसाल्याचा मोसम. तेव्हा पोती फुटत असतात, देठ खुडले जात असतात आणि धूळ हवेत असते. सुरकुतलेली, गडद लाल बेडगी रंगाला, झोंबायला लवंगी. पारखायला मिरची मोडून बघितलीत तर तो हात डोळ्याला लावू नका. नुसत्या पाण्याने तिखट जात नाही, आधी तेल चोळा, मग साबण.

मोहम्मद अली रोडवर मात्र कानांवर विसंबू नका. डोक्यावर 2002 साली सुरू झालेला जे. जे. उड्डाणपूल, दोन्ही बाजूंना इमारती. हॉर्नचा आवाज त्या स्लॅबखाली घुमतो आणि गाडी कुठून येते ते कळत नाही. इथे रस्ता डोळ्यांनीच ओलांडायचा. अत्तरवाल्याने बाटली पुढे केली तर मनगट देऊ नका, कागदाची पट्टी मागा. पारंपरिक अत्तराचं अंग चंदनतेलाचं, ते तासन् तास उडत नाही. एकदा मनगटावर बसलं की पुढचं अख्खं भुलेश्वर गुलाबाच्या नाहीतर खसाच्या वासाचं होतं. नाक गोंधळलंच तर स्वतःची बाही हुंगा, जरा ताळ्यावर येतं.

झवेरी बाजारात बघण्यासारखं सगळं काचेमागे आहे, म्हणून मी तिथे फारसा थांबत नाही. वरच्या मजल्यांवरची बारीक ठोकठोक मात्र ऐका, आणि गटाराशी बसलेला झारेकरी दिसला तर त्याचा हात बघा: केर-गाळ पाटीत घेऊन पाण्यात हलवायचा, हलकं वाहून द्यायचं, तळाला बसेल त्यात सोन्याचा कण शोधायचा.

भुलेश्वरला मुंबईतली माझी सर्वात लाडकी सरमिसळ आहे. फूलगल्लीत झेंडूच्या ढिगाजवळचा कडवट हिरवा वास, चार पावलांवर मोगरा, मध्येच तळणीचं तूप आणि मग 1834 सालच्या पांजरपोळातून, म्हणजे गुरांच्या आश्रयस्थानातून, शेण आणि ओल्या चाऱ्याचा दर्प. नाक मुरडणारे मुरडोत. पायाखाली मात्र तुडवलेल्या पाकळ्या आणि पाणी, इथे घसरायला होतं.

चिरा बाजारात मासळी. मरीन लाइन्स स्टेशनाजवळ चंदनवाडी स्मशानातला लाकडाचा धूर कधी येतो, कधी नाही.

रविवारी मात्र येऊ नका. घाऊक पेढ्या बहुतेक बंद असतात, गाड्या नसतात, आणि रिकाम्या शटरांसमोरून चालायला मशीद बंदर कशाला? पावसाळ्यात यायचं तर भरतीचं वेळापत्रक बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाणी समुद्रात जात नाही, सखल रस्त्यांवर तुंबतं.